ग्रामीण रुग्णालयांतील परिचारिका : तिचें शिक्षण व आपलें कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामांतील ज्या मुली परिचारिकेचें व्रत पत्करून ठिकठिकाणच्या रुग्णालयांत सेवा करीत आहेत, त्यांचा आज आपण हारतुऱ्यांनीं सत्कार केला. सत्कार योग्यच झाला. परंतु हार सायंकाळपर्यंत कोमेजतो, आणि ह्यांपैकीं कित्येकींना आज रात्रींच पाळीवर हजर व्हावयाचें आहे. म्हणून त्यांच्या स्तुतीचें आख्यान न लावतां, त्यांचें काम कसें चालतें, त्यास काय लागतें व त्यांत आपला वांटा कोणता, ह्याविषयीं चार शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्यांतील एका रात्रीं एका वृद्ध रुग्णास अभ्यंगसंस्कार देण्यासाठीं आम्ही एका ग्रामीण रुग्णालयांत गेलों होतों. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. अशीं रुग्णालयें पुष्कळ आहेत. खाटा ३०, त्या रात्रीं डॉक्टर एक आणि परिचारिकाही एकच. संस्कार आटोपून आम्ही निघणार, तोंच चौघांनीं एका शेतकऱ्यास झोळींतून आणिलें. भाताच्या खाचरांत त्याच्या पायाला सर्प डसला होता. त्याच वेळीं आंत एक बाई अडली होती व डॉक्टर तिच्यापाशीं गुंतले होते.

परिचारिकेनें शेतकऱ्यास आडवें निजविलें. त्याचा श्वास पाहिला, नाडी मोजली, पापण्या जड होऊन मिटूं लागल्या आहेत कीं काय तें न्याहाळलें. पायास करकचून बांधलेली दोरी नातलग घाईघाईनें सोडूं लागले, तेव्हां डॉक्टरांना विचारल्यावांचून ती सोडूं दिली नाहीं. मग थोडें रक्त काढून तिनें तें एका स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत घातलें. इतक्यांत आंतून हांक आली. नळी टेबलावर उभी करून ती आम्हांस म्हणाली, “फादर, घड्याळ पाहा. २० मिनिटें हिला कोणी हलवूं नये. आणि ह्यांचा श्वास अडखळला, तर मला मोठ्यानें हांक मारा.”

आम्ही धर्मविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकलों, ईशज्ञान शिकलों. परंतु त्या २० मिनिटांइतकी दीर्घ प्रार्थना आम्हीं क्वचितच केली असेल. ती परत आली, तिनें नळी हळूच कलती केली. रक्त गोठलें नव्हतें, पाण्यासारखें वाहिलें. विष रक्तांत भिनल्याची ती खूण होती. डॉक्टरांनीं सर्पविषावरील लस देण्यास सांगितलें. ती देण्यापूर्वीं परिचारिकेनें अॅड्रेनलिनची एक सुई भरून उशाशीं ठेविली. कारण त्या लशीनेंच एखाद्याचा श्वास कोंडतो व रक्तदाब उतरतो, आणि मग सुई शोधण्यास अवकाश राहत नाहीं. मधून मधून ती प्रसूतीच्या खोलीकडे धांवतच होती. पहाटे आंत मूल रडलें, आणि शेतकरीही वांचला.

आम्हीं तिचें अभिनंदन करतांच तिच्या डोळ्यांत पाणी आलें. ती म्हणाली, “फादर, आज दोघांचेंही निभावलें. गेल्या महिन्यांत अशाच रात्रीं दोघे एकदम आले. मी एकापाशीं होतें, तेव्हां दुसरा गेला.”

बंधुभगिनींनो, त्या वाक्यानें आमची झोंप अनेक रात्रीं उडविली. त्या मुलीच्या अंतःकरणांत दया कमी नव्हती. विद्याही कमी नव्हती. कमी होते ते दोन हात.

लूकच्या शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोन्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्याला कळवळा आला, एवढेंच आपण ध्यानांत ठेवितों. परंतु पुढें पाहा. त्याच्यापाशीं तेल व द्राक्षारस होता, आणि जखम कशी बांधावी हें त्यास ठाऊक होतें. हें झालें शिक्षण. दुसऱ्या दिवशीं त्यानें उतारशाळेच्या मालकापाशीं दोन दीनार दिले व रुग्णाची काळजी घेण्यास सांगितलें. आपण नसतांना जखमी माणूस उघडा पडूं नये, ही तजवीज त्यानें पैसे मोजून केली. हें झालें मनुष्यबळ. कळवळा, शिक्षण आणि मनुष्यबळ, ह्या तिहींवांचून ती कथा पुरी होत नाहीं.

प्रथम शिक्षणाविषयीं. ए. एन. एम. चा अभ्यासक्रम २ वर्षांचा, जी. एन. एम. चा ३ वर्षांचा, तर पदवीचा ४ वर्षांचा असतो. एवढें शिकून आलेली मुलगी परिचारिका खरीच. परंतु तातडीच्या विभागांत पहिल्याच महिन्यांत तिला रात्रीं एकटी ठेवणें म्हणजे नवदीक्षित धर्मगुरूवर पहिल्याच दिवशीं सारा धर्मप्रांत सोंपविण्यासारखें आहे. तिनें कांहीं महिने अनुभवी परिचारिकेच्या शेजारीं उभें राहून शिकलें पाहिजे. बंद पडलेलें हृदय चालू करण्यासाठीं छाती मिनिटास १०० ते १२० वेळां, निदान ५ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. ३० दाबांनंतर २ श्वास द्यावयाचे. हें पुस्तकांत वाचून हातीं येत नाहीं. पुतळ्यावर घटवावें लागतें, आणि सराव सुटला तर कांहीं महिन्यांतच हात विसरतात. प्राणवायूची नळकांडी भरलेली आहे कीं नाहीं, हें पाळीच्या आरंभींच पाहण्याची संवयही शिक्षणानेंच लागते.

दुसरें शिक्षण निवडीचें. नेपोलियनच्या सैन्यांतील शल्यवैद्य लारे ह्यानें असा दंडक घातला कीं, जखमींचा क्रम हुद्द्यावरून न लावतां जखमेच्या गंभीरपणावरून लावावा. आजही तोच दंडक चालतो. गांवच्या पुढाऱ्याचा ताप थांबेल; मजुराच्या मुलाचा कोंडलेला श्वास थांबणार नाहीं.

आतां मनुष्यबळाचा हिशेब पाहूं. दिवसाच्या पाळ्या ३, आठवड्याच्या २१. एक परिचारिका आठवड्यास ६ पाळ्या करील. म्हणजे एकच जागा अष्टौप्रहर भरलेली राहण्यास साडेतीन परिचारिका लागतात. रजा, आजार, बाळंतपण हीं जमेस धरलीं, तर पांचांखालीं निभाव लागत नाहीं. आणि प्रत्येक पाळीस दोघी हव्या असतील तर दहा. शिवाय जिल्ह्याच्या रुग्णालयांत शिकावयास जी जाईल, तिच्या जागीं कोणी उभें राहिलें तरच ती जाऊं शकेल. म्हणून जेथें माणसें कमी, तेथें शिक्षणही खुंटतें; आणि थकलेली परिचारिका अखेर शहराची वाट धरते.

ख्रिस्तसभेस हा विचार नवा नाहीं. संत कामिल्लस हे पूर्वाश्रमीं शिपाई व जुगारी. पायाच्या जखमेमुळें स्वतः रोमच्या रुग्णालयांत राहिले, तेथें पगारी नोकरांकडून रुग्णांची होणारी हेळसांड पाहिली, आणि शुश्रूषेसाठींच त्यांनीं संघ उभारला. १९३० सालीं त्यांना परिचारिकांचे आश्रयदाते ठरविण्यांत आलें. धर्मभगिनींस प्रसूतिकार्याची पूर्वीं मनाई होती. ती रोमनें १९३६ सालीं उठविली, आणि वैद्यक व परिचर्येचें रीतसर शिक्षण घेण्यास त्यांना उत्तेजन दिलें. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर भगिनी मेरी ग्लाउरी १९२० सालीं गुंटूरला आल्या. त्यांनीं औषधोपचारांबरोबर स्थानिक मुलींच्या शिक्षणाकडेही लक्ष पुरविलें, आणि १९४३ सालीं भारतांतील कॅथलिक रुग्णालयांचा संघ स्थापिला.

मग आपण काय करावें? पहिली गोष्ट : ज्या मुलीला, आणि मुलालाही, ह्या कामाची ओढ आहे, त्यांच्या शिक्षणास महोत्सवाच्या निधींतून साहाय्य द्यावें. दुसरी : बाहेरगांवाहून आपल्या भागांतील रुग्णालयांत येणाऱ्या परिचारिकेस राहण्यास सुरक्षित, स्वच्छ खोली भाड्यानें मिळेल असें पाहावें, घर न मिळाल्यामुळेंही मुली परत जातात. तिसरी : आपला रुग्ण थांबला म्हणून परिचारिकेवर हात उगारूं नये, शिवीगाळ करूं नये. हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रांत २०१० चा कायदा आहे. परंतु ख्रिस्ती माणसास त्याची आठवण करून देण्याची पाळी येऊं नये. चौथी : रिकाम्या जागा भरण्यासाठीं ग्रामसभेंत व अधिकाऱ्यांपुढें आपण सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांसह अर्ज करावे, आणि त्यांचा पाठपुरावा करावा. सर्पदंश धर्म विचारीत नाहीं.

ज्या मुलींना आज रात्रीं पाळीवर जावयाचें आहे, त्यांच्यासाठीं आपण घरोघर एक प्रार्थना म्हणूं. पण उद्यां सकाळीं आपले दोन दीनारही काढून ठेवूं. पुढील महोत्सवीं आपल्या मुली सत्कारासाठीं उभ्या राहतील, तेव्हां “मी एकटी होतें” असें सांगण्याची वेळ त्यांच्यापैकीं कोणावरही न येवो, एवढें प्रभूपाशीं मागून आम्ही आपली रजा घेतों.