पोस्ट एआय लिहील, खरं काय ते आपण सांगायचं

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



मागच्या तीन सभांत एकच गोष्ट वेगवेगळ्या गटांनी सांगितली. "ताई, माल चांगला होतो, पण मोबाईलवर टाकायला चार ओळी सुचत नाहीत." आपण फोटो टाकतो, खाली 'कडक भाकरी मिळेल' लिहितो आणि फोन नंबर देतो. बघणारी बघते आणि पुढे जाते. प्रदर्शनात स्टॉल लागला की माल हातोहात संपतो. पण प्रदर्शन वर्षातून दोनदा. बाकीचे दिवस गिऱ्हाईक मोबाईलमध्येच असतं.

म्हणून आज एआयकडून पोस्ट कशी लिहून घ्यायची ते सांगते. माझ्या हातून झालेली एक चूकही सांगते. ती ऐकली तर तुमची होणार नाही.

व्हॉट्सॲपमध्ये निळं-जांभळं गोल चिन्ह तुम्ही पाहिलं असेल. ते मेटा एआय. गुगलचं जेमिनाय आहे, चॅटजीपीटी आहे. जेमिनायचं ॲप आपल्याकडे जून २०२४ मध्ये आलं, तेव्हापासूनच त्यात मराठी आहे. लिहिण्याचा कंटाळा असेल किंवा लिहिता येत नसेल तरी अडत नाही. कीबोर्डवरचा माईक दाबायचा आणि बोलायचं. आपण सांगू त्यावर ते मजकूर तयार करून देतं.

हे यंत्र लिहितं कसं? त्याला प्रचंड मजकूर वाचायला दिलेला आहे. त्यावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, याचा अंदाज बांधत ते लिहितं. जाहिराती तर त्यानं ढिगानं वाचल्यात. पण तुमच्या चुलीपुढे ते कधी बसलेलं नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यातच आहे.

आता माझी चूक.

आपल्या एका गटाची कडक भाकरी आणि शेंगा चटणी आहे. मी एका गावाहून दुसऱ्या गावाला निघाले होते. घाईघाईत एआयला म्हटलं, "सोलापूरच्या कडक भाकरीवर छान पोस्ट लिही." दहा सेकंदांत पोस्ट आली: 'मंगळवेढ्याच्या प्रसिद्ध मालदांडी ज्वारीपासून बनवलेली, १०० टक्के सेंद्रिय कडक भाकरी! मधुमेह ठेवा दूर, आरोग्य मिळवा भरपूर!' यमक जुळलं होतं. मला आवडली. गटाच्या पेजवर टाकून दिली.

चार दिवसांत पुण्याच्या एका दुकानातून फोन आला. ६० पाकिटं पाहिजेत. गटात आनंदीआनंद. दुसऱ्या दिवशी परत फोन: "सेंद्रियचं प्रमाणपत्र पाठवा. आणि ज्वारी मंगळवेढ्याचीच आहे ना?" ज्वारी आठवडी बाजारातली होती. प्रमाणपत्र कसलं असतं हेही गटाला माहीत नव्हतं. ताईंनी खरं ते सांगितलं. समोरून उत्तर आलं, "मग खोटं कशाला लिहिता?" आणि ऑर्डर गेली.

त्या ताई चौथी शिकलेल्या. पोस्टखाली नाव त्यांचं, नंबर त्यांचा. आणि मी ती पोस्ट त्यांना साधी वाचूनही दाखवली नव्हती. त्या मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरी, वीस वर्षं भाकरी विकते मी. खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, ते पण मी न बोललेल्या शब्दावरून."

साठ पाकिटांचे पैसे आज ना उद्या निघतील. हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

एआयनं मुद्दाम खोटं लिहिलं का? नाही. ज्वारी कुठली, ते मी सांगितलं नव्हतं. भाकरी कशी करतात, तेही सांगितलं नव्हतं. मी जागा रिकामी सोडली, ती त्यानं भरून टाकली. शोभेल अशा शब्दांनी भरली, पण ते खरे नव्हते.

त्यातला एकेक शब्द बघू. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, हे खरं. पण म्हणूनच ते नाव दुसरीकडच्या ज्वारीला लावता येत नाही. तो तिथल्या शेतकऱ्यांचा हक्क आहे. 'सेंद्रिय' म्हटलं की दुकानदार पीजीएस-इंडिया किंवा एनपीओपीचं प्रमाणपत्र मागणारच. आणि मधुमेहाचं तर बोलूच नका. खाण्याच्या पदार्थांच्या जाहिरातींसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. आपल्या पदार्थानं आजार बरा होतो किंवा टळतो, असं त्यानुसार लिहिता येत नाही. नियम बाजूला ठेवला तरी विचार करा, कुणी आपली पोस्ट वाचून गोळी बंद केली तर?

मग एआय वापरायचंच नाही का? वापरायचं. आधी सांगायचं, मग लिहून घ्यायचं. सांगताना या पाच गोष्टी सांगा.

१. माल काय आहे, त्यात काय काय घातलंय आणि तो कसा करतो.
२. कोण करतं आणि कुठे.
३. वजन किंवा नग, किंमत आणि किती दिवस टिकतो. हे स्वतः ठेवून बघितलेलं पाहिजे.
४. पोस्ट कुणासाठी आहे. सगळ्यांसाठी लिहिलेली पोस्ट कुणालाच आपली वाटत नाही.
५. काय लिहायचं नाही. इथे स्पष्ट म्हणा, "मी सांगितलं तेवढंच लिही. सेंद्रिय लिहू नको, आजाराचं लिहू नको. सोपं मराठी, सहा-सात ओळी."

नंतर त्याच ताईंच्या शेजारी बसून आम्ही परत केलं. फोन त्यांच्या हातात दिला. माईक दाबून त्या त्यांच्या पद्धतीनं बोलल्या, "आम्ही दहाजणी हाय. पहाटं चुलीवर करतो. ज्वारीचं पीठ, मीठ, वरून तीळ. हातानं पातळ थापतो, कडक होईस्तोवर भाजतो. ज्यांची पोरं बाहेरगावी शिकतात त्या आयांसाठी लिही."

पहिल्या उत्तरात 'आजीच्या हातची चव' आलं. ताई म्हणाल्या, "आमच्यात आजी कोण हाय? काढ ते." त्यालाच म्हटलं, हे काढ. काढलं. 'स्वादिष्ट' आणि 'खमंग मेजवानी' पण काढायला लावलं. एआयला कितीही वेळा परत सांगा, ते कंटाळत नाही. शेवटी राहिलं ते असं:

'मुलगा, मुलगी बाहेरगावी शिकायला आहे? डब्यात घरची भाकरी पाठवा. आम्ही दहाजणी रोज पहाटे हातानं थापतो आणि चुलीवर कडक भाजतो. ज्वारीचं पीठ, मीठ आणि वरून तीळ, एवढंच. कोरड्या डब्यात महिनाभर टिकते, आम्ही ठेवून बघितली आहे. १० भाकरींचं पाकीट ८० रुपये. बुधवारपर्यंत सांगा, शनिवारी पार्सल निघेल.'

यात एक तरी शब्द मोठा आहे का? पण वाचणाऱ्या आईला थांबावंसं वाटतं. पहिला प्रश्न तिचा आहे, आणि पुढची प्रत्येक ओळ तिच्या मनातल्या शंकेचं उत्तर आहे. सोबत दारातल्या उजेडात काढलेला भाकरी थापणाऱ्या हातांचा फोटो लावला. त्या आठवड्यात पाच ऑर्डर आल्या. ६० पाकिटं नाहीत, पाचच. पण त्यातल्या दोघींनी पुढच्या महिन्यात परत मागवली.

पोस्ट टाकण्याआधी तीन गोष्टी करायच्याच.

पहिली, गटात मोठ्यानं वाचायची. वाचता येणारीनं वाचायचं, माल करणारीनं ऐकायचं. "हे मी म्हटलं नव्हतं" असं जिथे कुणी म्हणेल, तो शब्द जाणार. जिचं नाव आणि नंबर खाली आहे, तिचा होकार आल्याशिवाय पोस्ट जाणार नाही.

दुसरी, पोस्ट आणि पाकिटावरचं लेबल जुळवून बघायचं. वजन, किंमत, घातलेले जिन्नस, एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर. नंबरचा आकडा एआयला लिहायला लावू नका. प्रमाणपत्र समोर ठेवून स्वतः टाका.

तिसरी, आपली माहिती सांभाळायची. आधार, पासबुक, ओटीपी, गटाच्या कर्ज रजिस्टरचा फोटो यातलं काहीही एआयला द्यायचं नाही. आणि बाईचा चेहरा दिसत असेल तर तिला विचारल्याशिवाय फोटो कुठेच टाकायचा नाही.

मैत्रिणींनो, बचत गट उभा राहिला तो एकमेकींच्या शब्दावर. हप्ता वेळेवर येईल, या शब्दावर आपण एकमेकींना कर्ज देतो. गिऱ्हाईकही तसंच आपल्या शब्दावर पैसे पाठवतं, माल हातात येण्याआधी. लिहिण्याचं काम यंत्राला देता येतं. शब्द पाळायचं काम आपल्याकडेच राहतं.

पुढच्या सभेला प्रत्येक गटानं एक पोस्ट करून आणायची. पाच गोष्टी सांगून, मोठ्यानं वाचून. आणि एआयनं लिहिलेलं पण तुम्ही काढायला लावलेलं एक वाक्यही लिहून आणा. आधी ते वाचू. मला त्यातूनच जास्त कळेल.