दुकान मोबाईलवर, पण गल्ला कोणाकडे?

(सामूहिक वनहक्क शिबिरातलं भाषण)



सकाळपासून आपण दाव्यांवर बोललो. आता मालाचं बोलू. पोरं विचारतात, आपला मध, सुपं, चित्रं मोबाईलवर का विकायची नाहीत? विकायचीच. पण दुकान कोणाच्या नावावर, ते आधी ठरवू.

2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी आपल्याला दिली. मध, मेण, बांबू, तेंदूपान, औषधी पाला गोळा करायचा आणि विकायचा हक्क आपला. 2012 च्या नियमांनी वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेच्या समितीनं द्यायचा. हे लढून मिळालंय. आता तोच मध व्यापाऱ्यानं नेऊन 'आदिवासींचा शुद्ध मध' म्हणून स्वतःच्या नावानं टाकला, तर आपण परत मजूरच ना?

चित्रांचं तसंच. लग्नचौक लिहितात आपल्या सवाशिणी. वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी कारखान्यात छापलेल्या चादरींवर तारप्याचा नाच फिरतोय, आणि लिहिणारीला त्यातला छदाम नाही. म्हणून प्रत्येक चित्रासोबत लिहिणारीचं नाव आणि पाडा गेलाच पाहिजे. मानांकनाची अधिकृत वापरकर्ती म्हणून तिची नोंदही करता येते.

तर खातं ग्रामसभेच्या नाहीतर बचत गटाच्या नावानं उघडायचं. पैसे गटाच्याच बँक खात्यात. पासवर्ड दोघीतिघींना माहीत हवा. शहरातून मदतीला येतात ती माणसं भली असतात, पण खातं त्यांच्या नंबरावर काढलं तर ती गेली की दुकानही गेलं.

आता खर्च. सूप हातात घेतलं तर हलकं, पण बरेच कुरिअरवाले खोक्याच्या मापावर पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, 5000 नं भागायचं. समजा खोकं 45 बाय 40 बाय 10 चं आहे. हिशेब होतो 3.6 किलो! आत सूप अर्ध्या किलोचं का असेना. मग एका सुपाचं भाडं सुपाच्या मोलाला भिडतं. सुपं एकात एक बसवून पाच-दहा मिळून पाठवली तर परवडतं. कापडावरचं चित्र नळकांड्यात गुंडाळून स्वस्तात जातं. म्हणून चित्रांपासून सुरुवात करा, कणग्या बाजारातच बऱ्या. दर ठरवताना बांबू आणायचा दिवस, विणायचे दिवस, खोकं, भाडं, कंपनीचं कमिशन, परत आलेला माल, सगळं धरा. बायांची मजुरी तर आपणच विसरतो.

जीएसटीच्या नावानं एजंट घाबरवतील. 1 ऑक्टोबर 2023 पासून, उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर राज्यातल्या राज्यात ऑनलाईन माल विकायला जीएसटी नोंदणी लागत नाही. पॅन आणि सरकारी पोर्टलवरचा नावनोंदणी क्रमांक पुरतो. परराज्यात पाठवायचं तर मात्र नोंदणी करावी लागते. मधासारख्या खायच्या मालाला अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी.

आणि बायांनो, पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. 'पैसे पाठवलेत, पिन टाका' म्हणणारा चोर समजा, फोन ठेवून द्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्यानं दोन नावं ठरवून आणा. त्यातली एक बाईच हवी. रेंज कुठल्या टेकडीवर येते तेही बघून या.

जिंदाबाद!