एका सुराला अठ्ठेचाळीस गळे



संगीत संयोजन म्हटलं की व्हायोलिनचा ताफा, ट्रम्पेट, तालवाद्यांचा भरणा आठवतो. आज ज्या गाण्याबद्दल बोलायचं आहे, त्यात वाद्यं अगदी मोजकी. इंग्लंडच्या 'टेन सीसी' या चौघांच्या बँडचं 'आय ॲम नॉट इन लव्ह', साल १९७५.

एरिक स्ट्युअर्ट आणि ग्रॅहम गूल्डमन यांनी ते आधी बोसा नोव्हाच्या ठेक्यावर बसवलं होतं. जमलं नाही, मोडीत निघालं. पण स्टुडिओतली मंडळी चाल गुणगुणत राहिली. मग केव्हिन गॉडलीने सुचवलं, वाद्यं बाजूला ठेवू, गळ्यांवरच उभं करू.

गळे तर चारच! स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत सोळा ट्रॅकचं टेपयंत्र होतं. चौघांपैकी तिघांनी एकच सूर आकारात सोळा वेळा गायचा, म्हणजे एका सुराला अठ्ठेचाळीस आवाज. मग पुढचा सूर, असं करत कोमल-तीव्रासह सगळं सप्तक. काय कंटाळले असतील! प्रत्येक सुराच्या फितीची टोकं जोडून वेढा केला, की तो सूर अखंड वाजतो. दम घ्यायला थांबत नाही. हे सूर मिक्सरच्या एकेका फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीवर, घेतले आणि चौघे तो मिक्सर पेटीसारखा वाजवायला बसले. सूर हवा तिथे फेडर वर, नको तिथे खाली.

खरी करामत पुढची. फेडर पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून तळाशी चिकटपट्टी लावली. त्यामुळे सगळेच सूर मागे सतत, अगदी बारीक, चालू राहिले. आपल्याकडे बाराही सूर एकदम छेडले, तर गवई तानपुरा ठेवून उठेल. इथे ते इतके दबके आहेत की वेगळे ओळखूच येत नाहीत. नुसती हवा भरल्यासारखी वाटते.

पुढे स्ट्युअर्ट साध्या, जवळजवळ कोरड्या आवाजात सांगत असतो की माझं काही प्रेमबीम नाही. सबबीही देतो. आणि तो जे नाकबूल करतो, ते मागचे गळे कबूल करून टाकतात. ड्रमचा दणका कुठेच नाही. मुख्यतः मूग सिंथेसायझरमधून काढलेला मऊ ठोका आणि इलेक्ट्रिक पियानो. जास्त काही असतं तर ही चुगली ऐकू आली नसती.

हल्ली असा समूहस्वर कीबोर्डच्या एका बटणावर मिळतो. मला तो सपाट वाटतो. माणसाने सोळा वेळा लावलेला सूर सोळाही वेळा किंचित वेगळा लागतो, आणि इथली जाडी त्या फरकातूनच आली आहे.

गाणं सहा मिनिटांचं आहे. मध्ये सगळं ओसरतं आणि एक बाई कुजबुजते. ती स्टुडिओतली सेक्रेटरी, कॅथी रेडफर्न. तेव्हा रेडिओ बिघडला समजून त्याला चापट मारू नका.