माहूरगडचा एक दिवस

इटलींतील ओर्व्हिएतोसारखीं डोंगरमाथ्यावरचीं जुनीं नगरें पाहण्यास प्रवासी दूरदेशाहून जातात. यवतमाळकरांस तसलें स्थळ एका दिवसांत पाहून येतां येतें. गेल्या हिवाळ्यांत घरचीच मोटार काढून आम्ही आर्णीमार्गें निघालों. धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडली कीं माहूरचे डोंगर समोर. १९४८ पर्यंत नदीपलीकडे निजामी राज्य होतें. आज केवळ जिल्हा बदलतो.

रेणुका, दत्तात्रेय व अनसूया यांचीं दर्शनें झालीं कीं मंडळी बहुधा परततात. आम्हीही वळलों होतों. परंतु गुडघे दुखत असतांही आई म्हणाली, "रायबागनच्या माहुरांत येऊन गड न पाहतां जावयाचें?" माहूरची ही देशमुखीण मोगलांकडून लढे. १६६१ सालीं उंबरखिंडींत शिवाजीमहाराजांनीं वाट अडविली, तेव्हां शरण जाण्याचा सल्ला कारतलबखानास तिनेंच दिला. म्हणून सैन्य वांचलें.

गडाच्या तटांत झाडें रुजलेलीं दिसलीं. देवळें भक्तांच्या वर्दळीनें जागतीं राहतात. पडक्या तटास पाहणाऱ्याचाच काय तो आधार! आपणही माहुरास गेलांत, तर उतरण्यापूर्वीं एक तास गडासाठीं राखून ठेवावा, एवढीच विनंति.