कॅश म्हणजे काय? निकालाची साइट, हळदीचा भाव आणि तुमचा दीड जीबी

आजचा विषय कॅश. पैशांवाली नाही. फोनच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर कॅश' असं बटण असतं ना, ती. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग वेगळं आहे, पण आपण बोलतो सारखंच, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

साधं बघा. घरात साखर संपली की आपण लगेच नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याकडे पळत नाही. आधी स्वयंपाकघरातला डबा बघतो. डबा रिकामा असेल तर गल्लीतलं किराणा दुकान. नांदेडला जातो तो दुकानदार, तेही आठवड्यातून एकदा, सगळ्या गल्लीचा माल एकदम आणायला. वेबचंही असंच असतं. तुमच्या फोनमधल्या ब्राउझरची कॅश म्हणजे घरातला डबा. जवळच्या शहरात ठेवलेला कॅश सर्व्हर म्हणजे किराणा दुकान. आणि जिथं वेबसाइट खरी राहते तो मूळ सर्व्हर म्हणजे नांदेड. नांदेडपर्यंत जितक्या कमी फेऱ्या, तितकी साइट पटकन उघडते.

आता कुणी म्हणेल, इंटरनेट तर प्रकाशाच्या वेगाने चालतं, मग अंतराचं काय एवढं? फरक पडतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. हिंगोलीहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर धरा १३,००० किलोमीटर. जाऊन यायला कमीत कमी १३० मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल काही सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे २०० च्या वरच जातात. बरं, एका फेरीत काम होत नाही. आधी कनेक्शन जोडायची फेरी, मग सुरक्षित कुलूप लावायची फेरी, मग 'पान दे' म्हणायची फेरी. पानाचं पहिलं अक्षर यायच्या आत अर्धा सेकंद गेला. आणि हे चांगलं नेटवर्क असताना. शेतात, बांधावर उभं राहून एकच काडी रेंज असेल तर विचारूच नका.

मोठ्या कंपन्यांनी यावर उपाय काढला तो म्हणजे गावोगावी दुकानं. याला सीडीएन म्हणतात, कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क. या धंद्यातली अकामाई ही जुनी कंपनी १९९८ मध्ये एमआयटीतल्या टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी काढली. तेव्हापासून जगभर असे सर्व्हर बसवले गेले. आज यूट्यूबवरचा गाजलेला व्हिडिओ तुम्ही बघता तेव्हा तो बहुतेक वेळा अमेरिकेतून येतच नाही. गूगलने इंटरनेट कंपन्यांच्याच नेटवर्कमध्ये आपले कॅश सर्व्हर ठेवलेत, तिथूनच येतो.

आता आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा आणणारा दिवस घेऊ. दहावीचा निकाल.

१६ जुलै २०२१ आठवतो? तुमच्यातल्या काहींचा तो स्वतःचा निकाल असेल. कोरोनामुळे परीक्षा झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के. दुपारी १ ची वेळ दिली होती. एक वाजले आणि साइट बसली. पोरं कित्येक तास रिफ्रेश मारत राहिली. त्या दिवशी आत नेमकं काय बिघडलं हा माझा विषय नाही, मी फक्त गर्दीचं गणित मांडतो, कारण ते दर वर्षी तेच असतं.

दहावीला राज्यात १५ लाखांच्या वर विद्यार्थी. समजा प्रत्येकाने फक्त एकदा, पहिल्या दहा मिनिटांत साइट उघडली. सेकंदाला झाले २,५०० जण. पण एक पान म्हणजे एक फाइल नसते. लोगो, फॉन्ट, रंगरूपाची फाइल, जावास्क्रिप्ट असं धरून २० फाइली समजा. झाल्या सेकंदाला ५०,००० मागण्या. त्यात मामा बघतो, शेजारचे काका बघतात, नेटकॅफेवाला बघतो, आणि उघडली नाही की प्रत्येक जण पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो. म्हणजे साइट जितकी हळू, तितकी गर्दी वाढत जाते. रिफ्रेश केल्याने रांग पुढे सरकत नाही हो, तुम्ही फक्त रांगेत अजून एकदा उभे राहता.

आता या ५०,००० मध्ये खरोखर वेगळं काय आहे? लोगो सगळ्यांना तोच. फॉर्म तोच. म्हणजे २० पैकी १९ फाइली सगळ्या महाराष्ट्राला सारख्याच. त्या कॅशमधून द्या, मूळ सर्व्हरवर उरल्या २,५००. काही न करता गर्दी वीस पटीने कमी!

आणि उरलेला निकाल? मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात गंमत इथं वाटते. निकाल ही अशी माहिती आहे की जाहीर झाल्यावर ती लगेच बदलत नाही. फेरतपासणी होते ती नंतर. मग एक वाजता प्रत्येकासाठी डेटाबेसमध्ये नव्याने शोधाशोध कशाला? आदल्या रात्रीच सगळी उत्तरं तयार करून ठेवायची. नाव, आईचं नाव, विषय, गुण, एकूण: एका विद्यार्थ्याला १ केबी पुरे. १५ लाख विद्यार्थ्यांचे झाले दीड जीबी. अख्ख्या महाराष्ट्राचा दहावीचा निकाल तुमच्या हातातल्या फोनच्या रॅममध्ये मावेल. सर्व्हरला तर ते काहीच नाही. हल्ली निकाल एकाऐवजी अनेक साइटवर आणि डिजिलॉकरवरही देतात, म्हणजे दुकानंही वाढवलीत. चांगलंच आहे.

पण थांबा, इथं एक धोका आहे. लोगो सगळ्यांचा, निकाल मात्र एकेकाचा. कॅशला जर नीट सांगितलं नाही की हे पान खासगी आहे, तर एकाचं पान दुसऱ्याला जाऊ शकतं. हे घडलेलं आहे. २५ डिसेंबर २०१५ ला गेमची विक्री करणाऱ्या 'स्टीम'वर कॅशची चुकीची सेटिंग लागली आणि लोकांना दुसऱ्यांच्या खात्याची पानं दिसायला लागली. ईमेल, पत्ता, खरेदीचा इतिहास. कंपनीनेच नंतर सांगितलं, साधारण ३४,००० जणांची माहिती अशी दुसऱ्यांना दिसली असावी. म्हणून सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक चिठ्ठी पाठवतो, तिचं नाव कॅश-कंट्रोल. 'पब्लिक' लिहिलं तर मधल्या दुकानाने ठेवलं तरी चालेल. 'प्रायव्हेट' म्हणजे फक्त त्या माणसाच्या फोनमध्ये. 'नो-स्टोअर' म्हणजे कुठेच ठेवू नका. बँकेच्या पानाला हेच लागतं.

त्याच चिठ्ठीवर अजून एक गोष्ट असते, मॅक्स-एज, म्हणजे माल किती सेकंद ताजा धरायचा. मीठ वर्षभर टिकतं, दूध संध्याकाळपर्यंत. लोगोला वर्षभराची मुदत दिली तरी चालते, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंद. लोगो बदललाच तर फाइलचं नाव बदलायचं, की सगळे फोन नवीन फाइल आणतात. मुदत संपली तरी फोन सगळं पुन्हा उतरवत नाही. तो आपल्याकडच्या प्रतीचा खुणेचा नंबर पाठवून विचारतो, बदललं का काही? सर्व्हर म्हणतो ३०४, म्हणजे काही बदललं नाही, आहे तेच वापर. फाइल कितीही मोठी असो, उत्तर एवढंसंच.

आता वसमतच्या एका श्रोत्याचा प्रश्न. त्याने विचारलंय, "दादा, बाजारभावाच्या अॅपमध्ये हळदीचा भाव बघून वडील माल घेऊन गेले, तर बीटात भाव वेगळाच. अॅप खोटं बोलतं का?" अॅप कुठलं ते मी सांगणार नाही. पण हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतला ज्यांनी हळदीचं बीट बघितलंय त्यांना माहीत आहे, ढिगागणिक भाव बदलतो. माल ओला की सुका, कांडी की गट्टू, यावरच बराच फरक पडतो. त्यात अॅपने भावाला चोवीस तासांची मुदत दिली असेल तर तुम्ही आज सकाळी कालचा भाव बघताय. क्विंटलला ५०० रुपयांचा फरक पडला आणि माल २० क्विंटल असेल, तर १०,००० रुपये. ट्रॅक्टर भाडं वेगळंच.

मग भाव कॅशच करू नये का? करावा. रेंज नसताना जुना भाव तरी दिसतो, तोही कामाचा. पण त्याच्या शेजारी 'काल दुपारी ४ चा' असं ठळक लिहिलेलं पाहिजे. माझं स्पष्ट मत आहे, वेळ न सांगता जुना भाव दाखवण्यापेक्षा 'नेट नाही' म्हणणं बरं. यात अवघडही काही नाही. कॅशमधून आलेल्या उत्तरासोबत बऱ्याचदा 'एज' नावाचा आकडा येतो, माल दुकानात किती सेकंद पडून आहे तो. तो वाचून स्क्रीनवर दाखवायला चार ओळींचा कोड लागतो. तुमच्यातलं कुणी अॅप बनवत असेल तर एवढं करा. आणि वापरणाऱ्यांनी भावाच्या आधी तारीख बघा. तारीखच नसेल तर आडत्याला एक फोन लावा, सरळ.

शेवटी ते बटण. फोन स्लो झाला की काही जण रोज रात्री सगळ्या अॅपची कॅश साफ करतात. त्याने जागा थोडी मोकळी होते, खरंय. पण सकाळी तेच सगळं पुन्हा उतरवावं लागतं, म्हणजे तुमच्या रोजच्या दीड जीबीतला वाटा तिकडे गेला आणि अॅपही पहिल्यांदा हळू उघडणार. एखादं पान मोडकं दिसतंय, जुनंच अडकून बसलंय किंवा फोनमध्ये जागाच नाही, तेव्हा जरूर करा. एरवी डबा भरलेलाच राहू द्या. आणि हो, त्याच्याच शेजारी 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' असतं, ते वेगळं. ते दाबलं की लॉगिन जातं, अॅपमध्ये साठवलेलं सगळं जातं. वडिलांच्या फोनवर तर ते दाबूच नका, पासवर्ड त्यांना आठवत नसतो.

पुढच्या भागात डीएनएस घेऊ. प्रश्न व्हॉट्सअॅपवर पाठवत राहा.