खरिपाचा हंगाम आणि महाविद्यालयाचा प्रवेश

(अमरावती येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने केलेले भाषण)



उच्च शिक्षणातील समान संधी हा माझ्या अभ्यासाचा विषय असला, तरी त्याची पहिली ओळख मला दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यातल्या घरीच झाली. मृगाचा पाऊस पडला की घरात असेल नसेल तो पैसा बियाण्याला जातो. नेमक्या त्याच सुमारास महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतात. कापूस घरात येतो तो दसरा-दिवाळीच्या पुढे. शिष्यवृत्तीचा हप्ता पुष्कळदा त्याच्याही मागून. मधल्या महिन्यांच्या खोलीभाड्याची व खाणावळीची तजवीज ज्याला करता येत नाही, तो गुणवत्ता यादीत नाव असूनही गावी परततो. माझी धाकटी बहीण अशीच एक वर्ष घरी बसली. उत्पन्नाचा दाखला आठ दिवस उशिरा मिळाला, एवढेच निमित्त.

डॉ. पंजाबराव देशमुखांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. १८९८ साली पापळसारख्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले भाऊसाहेब विलायतेत वैदिक धर्मविचारावर प्रबंध लिहून परतले. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. परंतु त्याच्या आधीच अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले होते. प्रथम निवारा, मग संस्था, हा क्रम मला फार बोलका वाटतो. पुढे १९६९ मध्ये अकोल्यास कृषी विद्यापीठ झाले, १९८३ मध्ये अमरावतीस विद्यापीठ आले. अंतर कमी झाले. हंगाम मात्र जागचा हलला नाही.

भाऊसाहेबांच्याच नावाने आज वसतिगृह निर्वाह भत्त्याची शासकीय योजना आहे. अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी ती आहे. पण तिच्यासाठीही कागद वेळेवर लागतात. मेळघाटातील मुलांची यातायात तर विचारूच नका.

म्हणून एकच विनंती. मार्च संपला की सरल्या वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला काढता येतो. १ मेच्या ग्रामसभेत बारावीच्या मुलामुलींची नावे वाचावीत आणि कोणाचा कोणता कागद अडला आहे ते तेथेच विचारावे. जात पडताळणीचे अर्ज गुरुजनांनी अकरावीपासूनच हाती घ्यावेत. याला स्वतंत्र निधी लागत नाही. आमच्या सरपंचबाईंनी गेल्या वर्षी ही यादी शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर केली होती.