पेशीतील चुलवाण

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सजीवांची पेशी शक्ती कोठून मिळवते आणि ती कशी वापरते, असा माझा आजचा विषय आहे. हा तर विज्ञानाच्या तासाचा विषय, तो आमच्यापुढे कशाला, असे काही पालकांना वाटेल. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. प्रयोगशाळेत माझी उमेद गेलेली नाही. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला. तिसऱ्या-चौथ्या तासाला डुलक्या घेणारी, दोन जिने चढली की धापा टाकणारी, काल पाठ केलेले आज विसरणारी मुले आम्ही शिक्षक रोज पाहतो. त्यांत मुलींची संख्या अधिक असते. घरी काय किंवा शाळेत काय, त्यांच्या वाट्याला एकच शब्द येतो : आळशी. हा शब्द उच्चारण्यापूर्वी शरीरात शक्ती येते कोठून आणि अडते कोठे, हे आपण सर्वांनी समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

सुरुवात उसापासून करू. वेदगंगेच्या काठच्या माणसाला ऊस काय आहे ते सांगायला नको. पण ऊस उभ्या उभ्या काय करतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. मुळावाटे पाणी, पानावाटे हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि वरून सूर्याचा प्रकाश, एवढ्या भांडवलावर त्याच्या पानातील हरितद्रव्य साखर तयार करते आणि प्राणवायू बाहेर सोडते. या कामात ऊस मोठा पटाईत आहे. भात-गव्हाच्या पानांत तयार होत आलेल्या मालाची बरीच नासाडी होते. ऊस, ज्वारी आणि मका यांनी कार्बन डायऑक्साइड आधी एकवटून मग वापरण्याची वेगळी युक्ती साधली आहे. ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली ही युक्ती उलगडली, आणि तीही उसाच्याच पानावर काम करून. आपल्या शेतातील पिकाने जगाच्या विज्ञानात घातलेली ही भर आपल्या मुलांना ठाऊक असावी.

आता गुऱ्हाळावर या. रस काहिलीत जातो आणि वाळलेली चिपाडे खालच्या चुलवाणात. वास्तविक पाहता दोन्हींचा मूळ माल एकच. रसातली साखर आणि चिपाडातला काष्ठतंतू हे दोन्ही साखरेच्याच कणांचे बनलेले आहेत. फक्त जोडणी निराळी. काष्ठतंतूची जोडणी आपल्या पोटाला सोडवता येत नाही. म्हशीच्या पोटातील जंतूंना ती येते, म्हणून वाडे म्हशीला आणि गूळ आपल्याला. चिपाडात साठलेले ऊन चुलवाणात जाळ होऊन बाहेर पडते. आपल्या पेशीतही साखरच जळते. तेथेही प्राणवायू लागतो आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणीच उरते. मग अंगाचा भडका का उडत नाही?

त्याचे कारण असे, की पेशी साखर एकदम जाळत नाही, पायरीपायरीने उतरवते. प्रत्येक पायरीवर विकर नावाचे कारागीर बसलेले असतात. प्रथम साखरेच्या कणाचे दोन तुकडे होतात. या कामाला प्राणवायू लागत नाही, पण कमाईही अगदी थोडी. मग ते तुकडे तंतुकणिका नावाच्या पेशीतील सूक्ष्म कोठडीत जातात. तेथे त्यांतील कार्बन सुटा होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन मात्र एका टप्प्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असे उतरत जातात आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर प्राणवायू त्यांना पदरात घेतो. त्याचे पाणी होते. आपण रात्रंदिवस श्वास घेतो तो या शेवटच्या टप्प्यासाठी.

या उतरणीवर मिळालेली शक्ती कशी पकडली जाते, हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. इंग्लंडच्या पीटर मिचेल यांनी १९६१ साली त्याचे उत्तर मांडले आणि १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडच्या माणसाला ते राधानगरीच्या धरणावरून चटकन समजेल. उतरणीच्या शक्तीने हायड्रोजनचे भारित कण एका पातळ पडद्यापलीकडे ढकलून साठवले जातात, धरणात पाणी साठवावे तसे. मग ते एका अरुंद वाटेने परत येतात आणि त्या वाटेवर बसवलेले चाक फिरते. हे मी अलंकारिक बोलत नाही. त्या ठिकाणी खरोखरच फिरणारा एक रेणू आहे, आणि त्याचे काम उलगडून दाखवल्याबद्दल १९९७ साली बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळाले.

या चाकावर जो माल तयार होतो त्याचे नाव एटीपी. पाचशेची नोट घेऊन एसटीत चढलेल्या प्रवाशाची फजिती आपण पाहिलेली आहे. साखर ही अशी मोठी नोट आहे. पेशीला एखादा स्नायू आखडायचा असो, नवे प्रथिन बांधायचे असो, मेंदूकडून निरोप पाठवायचा असो, तिला सुट्टे पैसे लागतात. एटीपी म्हणजे हे सुट्टे पैसे. साखरेच्या एका कणापासून प्राणवायूविना दोन एटीपी मिळतात, तर प्राणवायूसह सुमारे तीस. (जुन्या क्रमिक पुस्तकांत ३८ हा आकडा आहे, आता तो ३० ते ३२ मानतात.) शरीरात एका वेळी एटीपी असते जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातही दिवसाकाठी चाळीस किलोच्या घरात त्याची उलाढाल होते. तेच पैसे पुन्हा पुन्हा हातातून फिरतात. हा पदार्थ १९२९ साली जर्मनीत लोहमान यांना सापडला, आणि त्याच सुमारास अमेरिकेत फिस्के आणि त्यांचे सहकारी यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातील भीमावरमचे.

फिस्के आणि सुब्बाराव यांचाच आणखी एक शोध १९२७ सालचा आहे, आणि तो कोल्हापूरच्या माणसाने तर ध्यानात ठेवावाच. खासबाग मैदानात सलामी झाली आणि पैलवानाने झपाट्याने पट काढला, तर त्या पहिल्या काही सेकंदांची ताकद कोठून येते? स्नायूत फॉस्फोक्रिएटिन नावाची तयार शिल्लक असते, तेथून. ती दहाएक सेकंदांत आटोपते. मग साखर घाईघाईने, प्राणवायूची वाट न पाहता फोडली जाते. हातपाय जड होतात. कुस्ती लांबली, की जिंकतो तो ज्याचा दम मोठा, म्हणजे ज्याचे रक्त स्नायूपर्यंत प्राणवायू भरपूर पोहोचवते आणि ज्याच्या तंतुकणिका तो वापरू शकतात. तालमीतल्या मेहनतीने या तंतुकणिकांची संख्या वाढते. वस्तादांना हे नाव ठाऊक नसेल, पण गोष्ट ठाऊक असते.

साठवणुकीबद्दल थोडे बोलतो. जेवणानंतरची जास्तीची साखर यकृतात आणि स्नायूंत ठेवली जाते. यकृतातला साठा सुमारे शंभर ग्रॅमचा. रोज्याच्या दिवशी सहरीपासून इफ्तारपर्यंत मेंदूचा खर्च बराचसा या कोठारातून चालतो आणि बाकीचे शरीर हळूहळू चरबीकडे वळते. निरोगी मोठ्या माणसाला ते निभावते. पण शरीराच्या वजनाचा पन्नासावा भाग असलेला मेंदू एकूण शक्तीचा पाचवा हिस्सा खातो आणि वाढत्या मुलाचा मेंदू त्याहून अधिक. एरवीच्या दिवशी रात्री आठला जेवलेले मूल सकाळी नुसत्या चहा-खारीवर शाळेत आले, तर अकरा वाजता त्याचे कोठार कितपत भरलेले असणार? एक भाकरी आणि वाटीभर आमटी याला घरात फार खर्च लागत नाही. थोडे लवकर उठावे लागते, इतकेच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इलेक्ट्रॉन ज्या टप्प्यांवरून उतरतात त्यांतील काहींना सायटोक्रोम म्हणतात. १९२५ साली केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी हे नाव दिले. यांतील ‘सायटोक्रोम सी’ वनस्पतींच्या पेशींतही असते, हे दाखवून देण्याचा मान एका मराठी मुलीचा आहे. कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत; शेवटी वर्षभर काम पाहू, या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून पुढे तेथे मुलींना वाट मोकळी झाली. केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम केले. बटाट्याला रक्त नाही, फुप्फुस नाही. तरी त्याच्या पेशीतही श्वसनाची तीच साखळी सापडली. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. ब्रिटनमध्ये विज्ञानाची डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मुलीला दहावीनंतर विज्ञान शाखेला पाठवावे की नाही, असा खल ज्या घरांत चालतो, त्या घरांसाठी ही हकीकत मी जरा सविस्तर सांगितली.

या सायटोक्रोमच्या केंद्रस्थानी काय असते? लोहाचा एक अणू. रक्तातील हिमोग्लोबिनच्या केंद्रस्थानीही लोहच. एक लोह प्राणवायू पेशीच्या दारापर्यंत आणते, दुसरे आत इलेक्ट्रॉन पुढे सरकवते. लोह कमी पडले, की चिपाडे आहेत, काहील आहे, पण चुलवाणाला वारा लागत नाही, अशी गत होते. पोटभर जेवलेली मुलगीही मग थकलेली दिसते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तपांढरी आढळली. म्हणजे साठ मुलींच्या वर्गात पस्तीस. ही संख्या ऐकूनही आपण आळशी हाच शब्द वापरणार का?

मुलींतच प्रमाण जास्त का, याला शरीराचे कारण आहेच. दरमहा पाळीतून लोह जाते आणि वाढीच्या वयात गरजही वाढते. पण त्याला आपल्या दस्तरखानाचेही कारण आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. मटण, खिमा, कलेजी यांतील लोह शरीराला सर्वांत सहज मिळते. ते आपल्या घरांत शिजत नाही असे नाही. पण आधी मर्द माणसे, मग मुलगे, आणि शेवटी रश्शात भाकरी बुडवून उठतात त्या आई आणि मुली. या वाढपात बदल करायला कोणत्याही शास्त्रज्ञाची गरज नाही. मटण रोज परवडत नाही, हे मलाही कळते. मसूर, हरभरा, नाचणी, पोकळा, शेवग्याचा पाला यांत लोह आहे. ते शरीराला जरा कष्टाने मिळते, म्हणून त्यावर लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा घेतला, की त्यातले बरेच वाया जाते. गुळाबद्दल मला नेहमी विचारतात. गुळात लोह असते, पण किती हे गूळ कसा तयार झाला यावर ठरते. त्यावर विसंबून राहू नये. कमलाबाईंनी पुढे नीरेवर संशोधन केले आणि तीत जीवनसत्त्वांबरोबर लोहही असल्याचे दाखवले. मुद्दाम घेता आली तर ती चांगलीच.

शेवटी त्या निळ्या गोळीविषयी. १० ते १९ वयाच्या मुलामुलींना शाळेत आठवड्यातून एकदा, सहसा सोमवारी, लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी मोफत देतात. ती खाऊन मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून काही घरांतून ‘आमच्या मुलीला देऊ नका’ असा निरोप येतो. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो. त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळ बहुधा रिकाम्या पोटी घेतल्याने होते. जंताची गोळीही सांगितल्या वेळी द्यावी, कारण आकडेकृमी रक्तच पितात. फार थकवा असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. बारा वर्षांवरील मुलीचे १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर आठवड्याची एक गोळी पुरणार नाही. डॉक्टर सांगतील तसा उपचार घ्यावा. रक्त कमी होण्याची इतरही कारणे असतात, ती त्यांनाच शोधू द्यावीत. आणि सोमवारच्या डब्यात चार घास जास्त व लिंबाची एक फोड ठेवावी. त्या दिवशी चहा शाळा सुटल्यावर.